हमालाचा मालक कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याची गोष्ट

हल्ली माथाडी म्हटलं की बातमी एकाच साच्यातली. कुठल्यातरी कारखान्याच्या गेटवर खंडणी, कुठल्यातरी गोदामात राडा. खाली कमेंट ठरलेली, "हा कायदाच बंद करा." थांबा मंडळी. बंद करण्याआधी तो आला कशासाठी, एवढं तरी बघूया.

साठच्या दशकातली मुंबई डोळ्यासमोर आणा. मशीद बंदर, दाणाबंदर, लोखंड बाजार, कापड बाजार. शंभर-शंभर किलोची तागाची पोती आणि ती वाहणारी सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांच्या डोंगराळ तालुक्यांतून आलेली माणसं. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. कामागणिक नावं वेगळी, वारई, तोलणार, मापाडी, थापीवाले. झोपायला गाळा मिळाला तर नशीब, नाहीतर दुकानाची फळी.

या माणसांसाठी त्या वेळी कायदे नव्हते असं नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा. पण सगळ्या कायद्यांचा पहिला प्रश्न असायचा, तुझा मालक कोण? आणि इथेच घोडं अडायचं. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याची वॅगन, संध्याकाळी तिसऱ्याचं गोदाम. दिवसाला चार मालक, म्हणजे एकही नाही. व्यापारी म्हणणार, मी मुकादमाला पैसे दिले. मुकादम आपला हिस्सा कापून उरलेले टोळीत वाटणार. पाय मोडला तर गावी जा. म्हातारा झालास तरी गावी जा.

अण्णासाहेब पाटील स्वतः याच कष्टातून वर आलेले. पाटण तालुक्यातला हा माणूस मुंबईत आला आणि त्याने माथाडींची संघटना बांधली. संप, मोर्चे, वाटाघाटी, सगळं करून झालं आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ साली विधिमंडळाने 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम' केला. (आज अण्णासाहेबांचं नाव निघतं ते मराठा आरक्षणासाठी. २२ मार्च १९८२ चा मोर्चा आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी संपवलेलं जीवन. तेही खरंच. पण माथाडी कायद्याचं काम त्यामागे झाकलं जातं, याची मला खंत वाटते.)

या कायद्याने 'मालक कोण' हा वाद घालणंच सोडून दिलं. मध्ये एक मंडळ बसवलं. त्यात सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी. व्यापारी मंडळात नोंदणी करणार, हमालही नोंदणी करणार. हमाली हातात द्यायची नाही, मंडळात भरायची, आणि वर लेव्ही. समजा महिन्याची हमाली १०,००० झाली आणि लेव्ही ३० टक्के धरली, तर व्यापारी १३,००० भरणार. मजुरी मंडळाकडून कामगाराला. वरच्या ३,००० मधून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी. मालक दहा असोत की पन्नास, कामगाराचा हिशोब एकाच वहीत.

कल्पना अगदी नवी नव्हती. गोदी कामगारांसाठी १९४८ च्या केंद्रीय कायद्याने अशीच मंडळं आणली होती. पण बंदराच्या भिंतीआडची गोष्ट भर बाजारात आणणं सोपं नव्हतं. इथे हजारो छोटे व्यापारी, आणि सगळा व्यवहार तोंडी. व्यापारी कोर्टात गेले, भांडले. कायदा टिकला.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीचं काम कायद्याच्या आधीपासून सुरू होतं. तिथे पोट आणि हक्क दोन्ही एकत्र चाललं. १९७४ ला 'कष्टाची भाकर' सुरू झाली, हमालाला परवडेल असं जेवण. पुढे केरळने १९७८ मध्ये ओझेवाल्यांसाठी आणि तमिळनाडूने १९८२ मध्ये श्रमिकांसाठी कायदे केले. आपल्याकडे १९८१ मध्ये सुरक्षा रक्षकांसाठी त्याच साच्याचा कायदा झाला. मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भेला हलले तेव्हा माथाडीही तिकडे गेले. कोपरखैरणे, घणसोलीत त्यांची घरं झाली. दुकानाच्या फळीवर झोपणाऱ्याच्या घरातली पोरं इंजिनिअर झालेली तिथे सापडतील.

आता खंडणीचं. ती होते, नाकारण्यात अर्थ नाही. डोक्यावर कधी पोतं न घेतलेले लोक माथाडीचं लेबल लावून कंपन्यांकडून पैसे उकळतात, आणि यात खऱ्या हमालाचं नाव जातं. पण नोंदणी काटेकोर करणं, बोगस टोळ्यांवर गुन्हे दाखल करणं यासाठी कायदा पातळ करायची गरज नाही. २०२३ मध्ये दुरुस्ती विधेयक आलं तेव्हा माथाडी संघटनांनी विरोध केला, तो याच भीतीने. गुंडांच्या नावाखाली मंडळालाच धक्का लागेल ही ती भीती, आणि मला ती रास्त वाटते.

एकदा रात्री भिवंडीच्या गोदामपट्ट्यात जा. ऑनलाइन मागवलेल्या आपल्या पेट्या तिथे उतरतात. उतरवणाऱ्या पोराला विचारा, "दादा, मालक कोण?" तो कॉन्ट्रॅक्टरचं नाव सांगेल. कॉन्ट्रॅक्टर कंपनीचं सांगेल. कंपनी म्हणेल, तो आमचा कामगार नाही.