काचेतले शेजारी

मासे पाळणाऱ्याच्या घरी एक प्रसंग हमखास घडतो. हौसेने मोठी टाकी आणावी, दुकानात जे जे रंगीत दिसेल ते ते पिशवीत भरून घ्यावे, आणि पुढे रोज सकाळी एकेक मासा पाण्यावर उलटा तरंगताना पाहावा. माझ्याकडेही हेच झाले. आठ मासे आणले होते. तीन आठवड्यांनी दोनच उरले, आणि त्यांतल्याही एकाने दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडून ठेवले होते. मी आपला मोकळा झालो, 'जातच मेली भांडखोर!' असे म्हणून. पण इतिहास शिकविणाऱ्याने तरी इतक्या घाईने निकाल देऊ नये. भांडण पाहिले की आधी विचारावे, ही मंडळी आली कुठून, आणि यांना एकत्र आणले कोणी?

ते मासे सिक्लिड कुळातले होते. नाव परके वाटले तरी कुळ आपल्या ओळखीचे आहे. गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर याच कुळातला. १९५२ साली भारतात आणलेला आणि पुढे आपल्या बाजारात चिलापी म्हणून रुळलेला मासाही याच कुळातला. पण त्यांच्या रंगीबेरंगी भाऊबंदांची गोष्ट सांगण्याआधी टाकीची गोष्ट सांगितली पाहिजे.

१८४९ साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका भांड्यात दोन लहान सोनमासे सोडले आणि सोबत पाणवनस्पती लावली. वनस्पतीमुळे माशांना प्राणवायू मिळेल ही कल्पना. मासे जगले, पण पाने कुजू लागली आणि पाणी बिघडले. मग त्यांनी पाण्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाऊन टाकला आणि पाणी पुन्हा नितळ झाले. वनस्पती, मासा आणि गोगलगाय या तिघांचा हा मेळ त्यांनी १८५० साली जगापुढे मांडला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक निघाले, आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यांतून काचेच्या टाक्यांची लाटच आली. आपल्या मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५१ साली.

वॉरिंग्टन यांच्या प्रयोगाचा धडा साधा आहे. मासा आपण उचलून आणतो, पण त्याचे घर मागेच राहते. मागे राहिलेले जे जे आपण टाकीत भरून देऊ, तेवढाच तो सुखाने जगेल. त्यांनी हवा भरून दिली. बाकीचे धडे माणूस पुढे सावकाश शिकला.

आता आफ्रिकेकडे वळू. १८५९ च्या सप्टेंबरात डेव्हिड लिव्हिंग्स्टन न्यासा सरोवराच्या काठी पोहोचले. आज आपण त्याला मलावी सरोवर म्हणतो. लांबी साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक, खोली सुमारे सातशे मीटर; सरोवर कसले, गोड्या पाण्याचा समुद्रच! मोहिमेतील डॉक्टर जॉन कर्क यांनी तिथले मासे जमविले आणि लंडनला पाठविले. ब्रिटिश म्युझियमच्या आल्बर्ट ग्युंटर यांनी १८६४ साली त्यांची वर्णने छापली. गंमत पाहा, त्याच वर्षी लिव्हिंग्स्टन 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट स्वतः हाकारीत झांझिबारहून मुंबईला आले. ज्या सरोवरासाठी बोट बांधली होती, तिथे ती कधी पोहोचलीच नाही. विकली गेली ती मुंबईत.

पण ग्युंटर यांच्यापुढे आलेले मासे मद्यार्कात बुडविलेले होते, आणि मद्यार्कात माशाचा रंग उडून जातो. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे युरोपच्या पंडितांनी हे मासे दात, खवले आणि काटे मोजून ओळखले. एथेलविन ट्रेवावस या विदुषीने १९३५ साली या सरोवराच्या सिक्लिडांची मोठी जंत्री केली, तीही मुख्यतः अशाच नमुन्यांवरून. जिवंत माशाचे वागणे नीट पाहिले ते १९५० नंतर, सरोवराकाठी राहून अभ्यास करणाऱ्या जेफ्री फ्रायर यांनी. खडकांत राहून शेवाळ खरवडून खाणारी एक जमात त्यांनी बारकाईने तपासली. तिला स्थानिक कोळी 'म्बुना' म्हणतात. वाळूवर किडे शोधणारे मासे निराळे, आणि उघड्या पाण्यात तरंगते सूक्ष्म जीव टिपणारे आणखी निराळे. एकाच सरोवरात राहूनही प्रत्येकाची आळी वेगळी, ताट वेगळे. पुढे विमानाने जिवंत मासे परदेशी जाऊ लागले, आणि तेव्हा कुठे जगाला त्यांचे रंग दिसले.

आता माझ्या टाकीतले भांडण समजते का, पाहा. मी वेगवेगळ्या आळ्यांतली माणसे एका खोलीत कोंबली होती, आणि वर प्रत्येकाला दुसऱ्याच्या ताटातले वाढीत होतो.

तेव्हा मोठी टाकी असेल तर निवड कशी करावी? सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी धरा. तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ६८० किलो. तेव्हा खालचा आधार आधी भक्कम हवा.

पहिली गोष्ट पाण्याची. मलावीचे पाणी क्षारयुक्त, सामू ८ च्या आसपास. अमेझॉनकडचा डिस्कस याच कुळातला खरा, पण तो मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. दोघांना एकत्र ठेवले तर एकावर अन्याय होणारच.

दुसरी गोष्ट ताटाची. शेवाळ खाणाऱ्या म्बुनांना पौष्टिक किड्यांचा खुराक दिला तर त्यांचे पोट फुगते, आणि त्यातच मासा दगावतो. म्हणून म्बुनांची टाकी वेगळी ठेवावी. मध्यम आकाराच्या शांत मंडळींची वेगळी, म्हणजे वाळूवर चरणारे पीकॉक, तांबूस पोटाचा बोर्ले आणि निळाभोर फ्रायरी. हा फ्रायरी मासा त्याच जेफ्री फ्रायर यांच्या नावाचा. खडकाळीतला असूनही पिवळाधमक येलो लॅब या मंडळींत सहसा सामावतो. त्याचे नामकरण फ्रायर यांनीच १९५६ साली केले.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि सगळे मर्म इथेच आहे. नर मासा सर्वांत आधी धावून जातो तो स्वतःसारख्या दिसणाऱ्यावर, कारण तो त्याचा प्रतिस्पर्धी. सरोवरात हरलेला पळून जातो. टाकीत पळणार कुठे? म्हणून एका जातीचा एकच नर ठेवावा, आणि शेजारी निवडताना रंग जितके भिन्न तितके बरे. दगडांचे आडोसे रचावे, म्हणजे सतत नजरानजर होत नाही. एवढ्या टाकीत असे दहा-बारा मासे सुखाने नांदतात.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एक शेवटची हकीकत सांगतो. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० नंतरच्या काळात माणसाने नाईल पर्च हा दांडगा परका मासा सोडला. १९८० च्या सुमारास तो बेसुमार वाढला, आणि सिक्लिडांच्या दोनशेच्या आसपास जाती नाहीशा झाल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जे उरले त्यांचे पाणी गढूळ होत गेले. १९९७ साली ओले झीहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, गढूळ पाण्यात मादीला नराचा रंग नीट ओळखता येत नाही, त्यामुळे जातींमधली सीमाच पुसली जाते. त्या सरोवरातल्या काही जाती तर आता माणसाने सांभाळलेल्या टाक्यांतूनच उरल्या आहेत.

आपल्या टाकीत दोन जवळच्या जातींच्या माद्या आणि नर एकत्र ठेवले, तर हाच संकर दिवाणखान्यात होतो. ती पिल्ले शुद्ध नावाने मित्राला दिली, की एक वंश आपल्या हाताने बुडविला. तेव्हा वाचकहो, दुकानात बोट दाखवून 'तो निळा द्या' म्हणण्याआधी एवढेच विचारा : याचे गाव कोणते? तो एक प्रश्न मी वेळेवर विचारला असता, तर माझे सहा मासे आज जिवंत असते.