पायाखालची भरती

तुम्ही आत्ता ज्या खुर्च्यांवर बसला आहात, त्या खुर्च्यांसकट हे सभागृह रोज साधारण दोनदा वर उचललं जातं आणि दोनदा खाली बसतं. फूटभराच्या आसपास! चंद्र-सूर्य समुद्राला ओढतात तसे जमिनीलाही ओढतात. आपल्याला ते कळत नाही, कारण शेजारचं घर, रस्ता, झाड, सगळंच आपल्याबरोबर वर जातं. मग मोजायचं कशाच्या आधाराने?

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६०च्या दशकात ही अडचणच कामाला लावली. वितळलेल्या रसावरचं पातळ कवच म्हणजे पृथ्वी, असं तेव्हा पुष्कळ जण मानत. थॉमसन म्हणाले, तसं असतं तर जमीनही समुद्राइतकीच वर-खाली झाली असती आणि किनाऱ्यावर उभ्या माणसाला भरती दिसलीच नसती. ती दिसते, त्या अर्थी पृथ्वी आतून चांगली कडक आहे. किती कडक, ते कळायला एकच हिशेब हवा: जेवढी भरती दिसायला हवी, त्यातली प्रत्यक्षात किती दिसते?

तो हिशेब केला जॉर्ज डार्विन यांनी, चार्ल्स डार्विन यांच्या मुलाने. आधी ते आणि भाऊ होरेस यांनी १८८०-८१ मध्ये केंब्रिजला लोलक टांगून चंद्राची ओढ थेट पकडायचा प्रयत्न केला. चंद्रामुळे ओळंबा जेवढा कलतो तो कोन म्हणजे सव्वाशे किलोमीटरवरून पाहिलेला एक सेंटिमीटर. खोलीतल्या माणसाने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला तरी लोलक हलायचा. जमीन सतत थरथरत होती, त्यात चंद्र सापडेना. भावांनी नाद सोडला. मग जॉर्जनी इंग्लंड, फ्रान्स आणि हिंदुस्थानच्या बंदरांवरच्या एकूण ३३ वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि त्यातली पंधरवड्याची संथ भरती वेगळी काढली. रोजची भरती किनाऱ्याच्या आकारामुळे फार बिघडते, म्हणून ती उपयोगाची नाही. उत्तर आलं सुमारे दोन-तृतीयांश. बाकीचा हिस्सा जमिनीने गिळला होता. आपल्याकडे बंदरात रोज पाण्याची पातळी टिपणाऱ्या कारकुनाला आपण पृथ्वीचं पोट तपासतोय याची कल्पना असेल असं मला तरी वाटत नाही.

लोलकाचं काम पुढे नेलं जर्मनीच्या एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ यांनी. त्यांनी आडवा लोलक घेतला आणि नोंद फोटोच्या कागदावर होऊ दिली, म्हणजे जवळ माणूस नकोच. १७ एप्रिल १८८९ रोजी पोट्सडॅम आणि विल्हेल्म्सहाफेन या दोन्ही ठिकाणच्या कागदांवर रेघ एकदम विस्कटली. पुढे जपानमधल्या भूकंपाची बातमी त्यांच्या वाचनात आली. वेळा जुळवल्या, तर तासाभराचं अंतर. दूरच्या भूकंपाची उपकरणावरची ही पहिली ओळखलेली नोंद! चंद्राच्या शोधात बसलेल्या माणसाला भूकंपशास्त्र सापडलं. चंद्राची खूणही त्यांना पुढे मिळाली. क्षयाने ते १८९५ मध्ये गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी.

१९१३ मध्ये अमेरिकेत यर्कीस वेधशाळेच्या आवारात मायकेलसन आणि गेल यांनी पाचशे-पाचशे फुटी नळ जमिनीत पुरले, एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, आणि ते पाण्याने अर्धे भरले. त्या नळांच्या टोकांशी पाण्याला येणारी भरती केसाच्या जाडीहूनही कमी. ती सूक्ष्मदर्शकाने वाचली. अपेक्षेच्या ०.६९ पट भरली. जॉर्ज डार्विन आदल्याच वर्षी, १९१२ मध्ये, वारले होते. बंदरांच्या वह्यांतून त्यांनी काढलेला आकडा होता ०.६८.