शिंजीर (जांभळा सूर्यपक्षी)
फुलांतील मधुरस पिणारा चिमुकला पक्षी. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो, त्यामुळे कोंढा (ता. पवनी, जि. भंडारा) परिसरात त्या नावाने दाखवला जातो तो बहुधा शिंजीरच. उन्हाळ्याच्या तोंडी पळस फुलला की नर हमखास दिसतो. मादी कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी गवत, सालपटे सांधून लोंबते घरटे विणते. दारावर छोटी पडवीही काढते. घरटे पुष्कळदा अंगणातच, हाताच्या उंचीवर असते. त्यामुळे झुडपांची छाटणी, मांजरे त्याच्या मुळावर येतात. फोटोसाठी आडोशाची फांदी मोडणारे हौशीही त्यात आलेच. पिलांना किडे भरवले जात असल्याने कीटकनाशकांची फवारणी त्यांचा घासच काढून घेते. जात सध्या संकटग्रस्त नाही. तरीही 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार तिची शिकार गुन्हा ठरते.