लाल गोळीमागच्या मुंबईच्या बायका

आमच्या नालासोपाऱ्याच्या वस्त्यांमध्ये आशाताई गरोदर बायकांना लाल गोळ्या देतात. रोज एक, १८० दिवस. पुष्कळ घरांत त्या तशाच पडून राहतात. "मळमळतं", "बाळ काळं होतं", अशी कारणं मी ऐकत आलोय. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. फॉलिक ॲसिडच्या शोधाचा रस्ता मुंबईतल्या गरीब मुस्लिम बायकांच्या आजारातून निघाला, हे आपल्याच समाजात कुणाला फारसं माहीत नाही.

१९२८ साली डॉ. लुसी विल्स इंग्लंडहून मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणात भयंकर रक्तक्षय होत होता, अनेकींचा त्यात जीव जाई. विल्स यांच्या लक्षात आलं की गरीब मुस्लिम बायकांमध्ये हा आजार सर्वांत जास्त आहे, आणि सर्वांत निकृष्ट जेवणही त्यांचंच आहे.

दोष धर्मावर किंवा पडद्यावर टाकून मोकळं होणं सोपं होतं. विल्स यांनी ताट तपासलं. त्यात भाजी, फळं, प्रथिनं जवळजवळ नव्हतीच. तसंच जेवण माकडांना दिल्यावर त्यांनाही रक्तक्षय झाला. यीस्टपासून बनणारं मार्माइट दिल्यावर माकडं सुधारली, आणि बायकाही. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधला तो घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, त्यावरून 'फॉलिक'.

हा घटक कमी पडला की नव्या पेशी नीट घडत नाहीत. रक्तपेशी मोठ्या पण अर्धवट राहतात. शरीराला प्राणवायू पुरत नाही, दोन जिने चढले तरी दम लागतो. मेंदूतल्या रसायनांच्या घडणीतही त्याचा वाटा असतो, म्हणून थकव्याबरोबर चिडचिड आणि उदासी येऊ शकते.

आपल्या घरात अशा बाईला काय म्हणतात? आळशी. चिडकी. नाहीतर नजर लागली म्हणून दम करून आणतात. दुआ जरूर करा, पण ती सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला नुसता रस्सा उरतो, हेही बघा.

वसईच्या वाड्यांतला भाजीपाला आपल्या दारात येतो. पालेभाजी फार शिजवू नका, तिचं पाणी ओतून देऊ नका. डाळी, चणे, अंडी, कलेजी यांतही फोलेट आहे; फक्त कलेजी गरोदरपणात डॉक्टरांना विचारून खावी. दुकानातले महागडे डबे मनाने आणू नका. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. आधी रक्त तपासून घ्या.

आणि ती लाल गोळी डब्यातून बाहेर काढा. आपल्याच आज्या-पणज्यांच्या पिढीतल्या बायकांनी तिची किंमत मोजली आहे.