फोर्स केलेला सिग्नल

श्रोतेहो, तुमच्या घरात कुणी प्लांटवर कामाला असेल, तर ‘फोर्स’ हा शब्द कानावर आलाच असेल. त्याचं मूळ रिलेच्या काळात आहे. मशीन तपासायचं तर इलेक्ट्रिशियन पॅनेल उघडून रिले बोटाने दाबायचा, नाहीतर दोन टर्मिनलांमध्ये वायरचा तुकडा जोडायचा. तो तुकडा निदान डोळ्यांना दिसायचा!

१९६८ साली जनरल मोटर्सला रिलेंच्या त्या जंजाळाऐवजी प्रोग्राम बदलता येईल असं यंत्र हवं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांनी ‘मोडिकॉन ०८४’ घडवलं. त्यांच्या कंपनीचा तो ८४वा प्रकल्प, म्हणून हे नाव. पुढे अशा पीएलसींमध्ये वायरच्या तुकड्याचं काम कीबोर्डवर आलं. सेन्सर काहीही सांगो, तुम्ही ‘१’ फोर्स केलंत की प्रोग्रामच्या लेखी ‘१’च. मशीनच्या जाळीचा सिग्नल असा फोर्स केला, तर जाळी उघडी असूनही प्रोग्रामला बंद दिसते.

आणि लॅपटॉप काढून नेला तरी बऱ्याच कंट्रोलरांत फोर्स तसाच राहतो. काहींवर त्यासाठी खास दिवा असतो. पण दिवा सांगतो ते फोर्स आहे एवढंच. कुठला, कुणी, कशासाठी, हे शिफ्ट सोडताना वहीत लिहिलं असेल तरच पुढच्या माणसाला कळतं.