रमजानचा रोजा : विधी आणि अंतःशुद्धी – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

इस्लामच्या पाच आधारस्तंभांमध्ये रोजाचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. नमाज सामुदायिकरीत्या अदा होते, जकात घेणाऱ्याच्या हाती पडते, हजसाठी प्रत्यक्ष प्रवास घडतो. ही कर्तव्ये इतरांच्या दृष्टीस पडतात. रोजा मात्र 'न करण्या'तून सिद्ध होतो. एकांतात घोटभर पाणी पिणाऱ्यास अडविणारा कोणी नसतो. म्हणूनच रोजा हा मनुष्य आणि ईश्वर यांच्यातील व्यवहार असून त्याचे फळ ईश्वर स्वतः देतो, असा भाव हदीस वाङ्मयात आढळतो. संपूर्ण समाजावर अनिवार्य केलेल्या या विधीचे मर्म बाह्य नियमांत आहे की आंतरिक परिवर्तनात, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे.

रोजाची स्थापना

मुहंमद पैगंबरांनी इ.स. ६२२ मध्ये मक्केहून मदिनेस स्थलांतर केले. परंपरेनुसार तेथे आरंभी मुहर्रम महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे आशुराच्या दिवशी, उपवास केला जात असे. हिजरी सन २ (इ.स. ६२४) मध्ये रमजानचे रोजे अनिवार्य झाले आणि आशुराचा उपवास ऐच्छिक ठरला. त्याच वर्षीच्या रमजानमध्ये बद्रची लढाई झाली. नवोदित समाज अस्तित्वासाठी झगडत असतानाच ही साधना त्याच्या जीवनात रुजली, ही बाब लक्षणीय आहे.

कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातील १८३ ते १८७ या आयती रोजाविषयीच्या विवेचनाचा मूलाधार होत. तेथे रोजाचे प्रयोजन 'तक्वा' हे सांगितले आहे. ईश्वराच्या जाणिवेतून उत्पन्न होणारी सावधता आणि संयम, असा त्याचा आशय होय. आजारी आणि प्रवासी यांना सवलत असून सुटलेले रोजे नंतर पूर्ण करावयाचे असतात. ज्यांना उपवास झेपत नाही त्यांच्यासाठी गरिबास अन्न देण्याची तरतूद आहे. ईश्वरास माणसाची सुलभता इष्ट आहे, क्लेश नव्हे, हे तेथे स्पष्ट केले आहे. इ.स. ६३० मध्ये मक्केकडे कूच करीत असता पैगंबरांनी स्वतः वाटेत रोजा सोडल्याची नोंद हदीसमध्ये आहे. यावरून देहदंड हे रोजाचे उद्दिष्ट नव्हे, हे निश्चित होते. विशेष म्हणजे या नियमांच्या मधोमध १८६ वी आयत येते. ईश्वर भक्ताच्या निकट असून त्याच्या हाकेला प्रतिसाद देतो, हा तिचा आशय आहे. विधीच्या तपशिलात सामीप्याचा हा विचार गुंफला गेल्याने रोजाचे आध्यात्मिक स्वरूप अधोरेखित होते.

काळ, ग्रंथ आणि समाज

कुरआनचे अवतरण रमजानमध्ये झाले, अशी श्रद्धा आहे. अखेरच्या दहा रात्रींत 'लैलतुल कद्र'चा शोध घेतला जातो. ही रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ मानली आहे. याच काळात मशिदीत एकांतवास म्हणजे 'एतिकाफ' करण्याची परंपरा आहे. दुसरे खलिफा उमर (कारकीर्द इ.स. ६३४–६४४) यांनी विखुरलेल्या उपासकांना एका इमामामागे एकत्र आणून तरावीहच्या नमाजेस सामुदायिक रूप दिले. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असून त्यात अधिक मासाची योजना नाही. त्यामुळे सुमारे ३३ वर्षांत रमजान सर्व ऋतूंतून फिरतो आणि उन्हाळ्यातील दीर्घ दिवसांचा भार कोणत्याही एका प्रदेशावर कायमचा पडत नाही. ईदच्या नमाजेपूर्वी द्यावयाच्या 'सदका-ए-फित्र'मुळे गरिबासही सणाच्या आनंदात वाटा मिळतो. अशा रीतीने भुकेचा वैयक्तिक अनुभव सामाजिक उत्तरदायित्वाशी जोडला गेला.

गजालींची मीमांसा

रोजाच्या अंतरंगाची सर्वांत प्रभावी मीमांसा अबू हामिद अल्-गजाली (इ.स. १०५८–११११) यांनी केली. बगदादच्या निजामिया मदरशातील प्रतिष्ठेचे अध्यापकपद त्यांनी इ.स. १०९५ मध्ये सोडले. 'इह्या उलूम अल्-दीन' या त्यांच्या चाळीस भागांच्या ग्रंथातील सहावा भाग रोजाच्या रहस्यांविषयी आहे. त्यात त्यांनी रोजाच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. सामान्यांचा रोजा अन्न, पाणी व कामवासना यांपासून दूर राहण्याचा होय. विशेषांचा रोजा डोळे, कान, जीभ व हातपाय यांना पापापासून आवरण्याचा होय. तिसरा रोजा हृदयाचा. त्यात ईश्वरावाचून अन्य चिंतनाचाही त्याग अभिप्रेत आहे.

धर्मशास्त्री बाह्य अटींची पूर्तता झाली की रोजा वैध मानतात, कारण सर्वसामान्यांना झेपेल इतकेच बंधन कायदा घालू शकतो. गजाली हे नाकारीत नाहीत. परंतु वैधता आणि सफलता यांत ते भेद करतात. दिवसभर उपाशी राहून निंदानालस्ती करणारा, अथवा इफ्तारच्या वेळी दिवसाची सारी कसर भरून काढणारा मनुष्य नियम पाळतो, पण प्रयोजनास मुकतो. असत्य न सोडणाऱ्याच्या केवळ अन्नत्यागाची ईश्वरास गरज नाही, या आशयाच्या हदीसशी हे विवेचन सुसंगत आहे.

समारोप

सारांश, रोजाच्या इतिहासात नियम आणि अंतःशुद्धी हे परस्परविरोधी प्रवाह नाहीत. नियमामुळे ही साधना निवडक विरक्तांपुरती न राहता कष्टकरी, व्यापारी, गृहिणी अशा सर्वांच्या आवाक्यात आली. सवलतींमुळे ती मानवी मर्यादांशी सुसंगत राहिली. मात्र तिची सिद्धी कोणत्याही धर्मशास्त्र्यास वा शासनास बाहेरून पडताळता येत नाही. रोजाची सक्ती अथवा त्याचे प्रदर्शन यांमुळे त्याचे बाह्य रूप टिकू शकेल, तक्वा नव्हे. रमजानच्या आध्यात्मिक महत्त्वाचा विचार करताना हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे ठरते.