छायाचित्रे सांभाळणारे तीन प्रवासी : १९१५, १९६५, २०१५

१/१२
प्रवासात काढलेली छायाचित्रे सुखरूप घरी कशी आणावीत, हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्मलेला नाही. त्याच्याशी झुंजणारे तीन प्रवास बरोबर पन्नास-पन्नास वर्षांच्या अंतराने घडले : अंटार्क्टिकाचा, मंगळाचा आणि प्लूटोचा. पहिल्याकडे काचा होत्या, दुसऱ्याकडे चुंबकीय फीत, तिसऱ्याकडे मेमरी. त्या तिघांची ही कथा.

२/१२
१९१५. अर्नेस्ट शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज जानेवारीपासून वेडेल समुद्राच्या बर्फात जखडले होते. २७ ऑक्टोबरला ते सोडून देण्याची आज्ञा झाली. मोहिमेचे छायाचित्रकार होते ऑस्ट्रेलियाचे फ्रँक हर्ली. त्यांच्या वर्षभराच्या श्रमाचे फळ, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, चिरडत चाललेल्या त्या जहाजातच राहिले होते.

३/१२
काही दिवसांनी हर्ली त्या सांगाड्यात परतले. लाकडी भिंत फोडून, कमरेपर्यंत उघडे होऊन ते बर्फाच्या लगद्यात उतरले आणि सुमारे चार फूट खोलीवर नुसत्या हातांनी चाचपडत त्यांनी पेट्या शोधून काढल्या. निगेटिव्ह डाख लावून बंद केलेल्या पत्र्याच्या डब्यांत होत्या, म्हणून वाचल्या. २१ नोव्हेंबरला जहाज बुडाले.

४/१२
परंतु काच जड असते आणि पुढचा प्रवास बर्फावरून, नंतर होड्यांतून व्हायचा होता. हर्ली आणि शॅकल्टन बर्फावर बसून एकेक काच पाहू लागले. सुमारे १२० काचा ठेवल्या. सुमारे ४०० तिथेच फोडल्या. फोडल्या अशासाठी की, मागाहून मन बदलून त्या उचलण्याचा मोह होऊ नये. कॅमेरेही टाकून दिले. उरला खिशात मावणारा एक लहान कोडॅक आणि फिल्मचे तीन रोल.

५/१२
निवडलेल्या काचांबरोबर छापील चित्रांचा एक अल्बमही घेतला होता. म्हणजे काही चित्रांच्या दोन प्रती होत्या. पण दोन्हींचे नशीब एकच. मोहीम बुडाली असती तर दोन्ही बुडाल्या असत्या. एलिफंट बेटावर अडकलेल्या २२ जणांची सुटका ३० ऑगस्ट १९१६ रोजी झाली, तेव्हाच काचाही सुटल्या. त्या वाचल्या त्या धैर्यामुळे आणि दैवामुळे. प्रत जगात दुसरीकडे पाठवण्याचा मार्गच त्या काळी बर्फावर नव्हता.

६/१२
१९६५. नासाचे ‘मरिनर ४’ यान २८ नोव्हेंबर १९६४ रोजी निघाले आणि साडेसात महिन्यांनी मंगळाजवळून गेले. दुसऱ्या ग्रहाची जवळून टिपलेली ही पहिलीच छायाचित्रे होती, आणि टिपणारा कॅमेरा कधीही परत येणार नव्हता. प्रत पाठवणे हाच छायाचित्र वाचवण्याचा एकमेव उपाय होता.

७/१२
प्रत्येक चित्राचे २०० गुणिले २०० म्हणजे ४०,००० बिंदू. प्रत्येक बिंदूची उजळता ० ते ६३ यांपैकी एका आकड्याने लिहिलेली, म्हणजे सहा बिट. एका चित्राचे झाले २,४०,००० बिट. पृथ्वीकडे पाठवण्याचा वेग होता सेकंदाला जेमतेम सव्वाआठ बिट! हिशेब करून पाहावा : एका चित्राला आठ तास. म्हणून यानाने आधी सगळी चित्रे फितीवर साठवली आणि मंगळ मागे टाकल्यावर सावकाश पाठवली.

८/१२
फीत नीट चालली की नाही, याविषयी अभियंत्यांच्या मनात शंका होती. संगणकाने चित्र तयार करीपर्यंत त्यांना धीर धरवेना. त्यांनी आलेले आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापले, त्या पट्ट्या भिंतीवर शेजारी-शेजारी लावल्या आणि रंगीत खडूंनी आकड्यांप्रमाणे हाताने रंगवल्या. मंगळाचे पहिले जवळचे दर्शन माणसाला असे, खडूने रंगवलेले घडले.

९/१२
यापुढची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सगळी चित्रे एकदा पृथ्वीवर आल्यानंतर यानाकडून ती पुन्हा मागवण्यात आली. वाटेत एखादा आकडा गळाला किंवा बिघडला असेल, तर दोन्ही खेपा ताडून तो सापडावा, हा हेतू. चित्रांत खळग्यांनी भरलेला ओसाड मंगळ दिसला आणि तेथल्या कालव्यांच्या जुन्या कल्पनांना तडा गेला. एवढा मोठा निष्कर्ष काढायचा तर पुरावा दोनदा तपासलेला हवाच होता.

१०/१२
२०१५. ‘न्यू होरायझन्स’ प्लूटोजवळ पोहोचायला दहा दिवस उरले असताना, ४ जुलैला, त्याचा मुख्य संगणक अडखळला. जुनी माहिती आक्रसून साठवणे आणि पुढच्या आज्ञा मेमरीत लिहिणे ही दोन कामे एकाच वेळी पडून त्याच्यावर भार आला होता. यान सावरले. पण जवळून जाताना धुळीच्या एखाद्या कणाने त्याचा नाश झाला तर? म्हणून त्या आधीच, निकटभेटीपूर्वीचे उत्तम चित्र पृथ्वीकडे रवाना करण्यात आले. हृदयाकृती असलेला तो प्रसिद्ध प्लूटो, तो हाच.

११/१२
१४ जुलैची निकटभेट निर्विघ्न पार पडली. यानावर माहिती साठवणारी यंत्रे दोन होती; एक बिघडले तर दुसरे हाताशी असावे म्हणून. माहितीचा शेवटचा अंश पृथ्वीवर पोहोचला २५ ऑक्टोबर २०१६ रोजी, म्हणजे पंधरा महिन्यांनी. तरीही यानावरची मूळ प्रत लगेच पुसली नाही. आलेले सारे पूर्ण आहे, हे तपासल्यानंतरच पुढच्या कामासाठी जागा मोकळी करायची, असे ठरले होते.

१२/१२
आज हिमालयात किंवा कोकणात फिरणाऱ्या प्रवाशाला आठ तास थांबावे लागत नाही, काचाही फोडाव्या लागत नाहीत. तरी कार्ड भरले की घाईने पुसले जाते. प्रत घेतली तरी ती कॅमेऱ्याच्याच पिशवीत राहते, आणि पिशवी हरवली की दोन्ही जातात. हर्ली यांच्याकडे दुसरी वाट नव्हती. आजच्या प्रवाशाकडे आहे. रोज रात्री एक प्रत वेगळ्या पिशवीत, एक नेटवरून दूर कुठेतरी. त्या उघडून पाहाव्यात आणि मगच कार्ड पुसावे. मंगळ आणि प्लूटो याच शिस्तीने घरी आले.